रोमन ब्रिटनची खेडी आणि तिथली थडगी

रोमन थडगं म्हटलं की संगमरवर डोळ्यांसमोर येतो. पण खेड्यापाड्यांतली साधी थडगी जास्त बोलकी आहेत!

🔸 आधी रिवाज दहनाचा. चितेतली हाडं वेचून मडक्यात किंवा काचेच्या बरणीत भरायची आणि पुरायची. इ.स. २ऱ्या-३ऱ्या शतकांत हळूहळू दफन रूढ झालं.

🔸 सोबत काय ठेवायचे? तांबडी चकचकीत थाळी, सुरई, कधी दिवा. काहींच्या तोंडात नाणं: परलोकीच्या नदीवरच्या नावाड्याचं भाडं.

🔸 माझी आवडती वस्तू म्हणजे बूट. चामडं कुजून जातं, पण तळाला ठोकलेले लोखंडी खिळे जागच्या जागी राहतात. माती अलगद खरवडली की खिळ्यांच्या रांगांतून अख्खा तळवा उमटतो. कधी बूट पायात असतात, कधी बाजूला ठेवलेले.

🔸 श्रीमंतांचा थाट बघायचा तर बार्टलो गाव. इथल्या थडग्यांवरच्या मातीच्या मूळच्या सात उंचवट्यांपैकी सर्वांत मोठा सुमारे १३ मीटर उंच. आत काचेची, काशाची भांडी आणि चक्क घडीची लोखंडी खुर्ची! १८३०च्या दशकात उत्खनन झालं, पण बराचसा ऐवज १८४७ साली लागलेल्या आगीत गेला.

🔸 आणि एक कोडं. केंब्रिजशरमधल्या सॉमरशॅमजवळ ३ऱ्या शतकातली ५२ दफनं सापडली. त्यांतल्या १७ जणांची मुंडकी धडावेगळी, काहींची तर पायांशी ठेवलेली. उत्खनन करणाऱ्यांचा कल देहदंडाकडे आहे. अशा इतर दफनांबाबत काही अभ्यासक मृत्यूनंतरचा विधीही सुचवतात.

तुम्हाला काय वाटतं? कॉमेंटमध्ये लिहा.