थंडीत अडखळत सुरू होणारे इंजिन आणि गाडीत येणारा इंधनाचा वास: सीएनजी किट बसवलेल्या गाडीचे निदान

मानेसर हे गाव वाहन अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना दोन कारणांनी माहीत असते. एक, तिथले मोटार कारखाने; दुसरे, आयकॅट म्हणजे इंटरनॅशनल सेंटर फॉर ऑटोमोटिव्ह टेक्नॉलॉजी ही चाचणी संस्था. पुण्यात जे काम एआरएआय करते, तेच इथे आयकॅट करते. बाजारात विकल्या जाणाऱ्या सीएनजी किटला अशाच संस्थेची मान्यता लागते. तिसरे कारण इथे राहायला आल्यावर कळते, ते म्हणजे जानेवारीची सकाळ. अरवलीच्या पायथ्याशी पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. मुंबई-पुण्याच्या मुलाने असा गारठा फार तर निफाडच्या बातमीत वाचलेला असतो.

आमच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातला एक विद्यार्थी अशाच एका सकाळी माझ्याकडे आला. वडिलांची बदली पुण्याहून इकडे झालेली, गाडी २०१४ सालची पेट्रोल हॅचबॅक, त्यात दहा महिन्यांपूर्वी बाहेरच्या एका गॅरेजमधून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलेले. तक्रार अशी: सकाळी स्टार्टर पाच-सहा सेकंद फिरवावा लागतो, इंजिन सुरू झाले की थरथरते, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला तर बंद पडते, आणि ब्लोअर लावला की आत पेट्रोलचा वास येतो. दोन-तीन मिनिटांनी सगळे ठीक. तोवर स्पार्क प्लग, बॅटरी आणि पेट्रोल पंप असे तीन भाग बदलून झाले होते. "सर, आता ईसीयू बदला म्हणतात," तो म्हणाला. मागच्या सीटवर बसून धाकटी बहीण रोज शाळेत जाते, हे त्याने शेवटी सांगितले. माझ्या दृष्टीने ते पहिले असायला हवे होते. वास कुठून येतो हे कळेपर्यंत गाडी रस्त्यावर आणायची नाही, असे आम्ही ठरवले.

या लेखात आपण त्या गाडीचे निदान क्रमाने पाहू. त्यासाठी थोडा सिद्धांत आधी लागेल.

थंड इंजिनाला नेमके काय अवघड जाते?

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. जळते ती त्याची वाफ. पाच अंशांवर पेट्रोलमधले फक्त हलके घटक वाफ होतात, बाकीचे इनटेक पोर्टच्या थंड भिंतीवर थरासारखे चिकटून राहतात. म्हणून ईसीयू थंडीत गरजेपेक्षा बरेच जास्त पेट्रोल सोडते, म्हणजे त्यातला वाफ होणारा भाग तरी ठिणगीला पुरेल. किती जास्त, हे ठरवताना तिचा मुख्य आधार असतो कूलंट तापमान सेन्सर.

इथे आजच्या इंधनाचाही विचार करावा लागतो. २० टक्के इथेनॉल असलेले ई२० आता सर्वत्र मिळते. इथेनॉलची बाष्पीभवनाची सुप्त उष्णता दर किलोला पेट्रोलच्या सुमारे अडीच पट आहे आणि ते ७८ अंशांना उकळते. त्यामुळे थंडीत वाफ तयार होणे आणखी कठीण. शिवाय पूर्ण ज्वलनाचे हवा-इंधन गुणोत्तर पेट्रोलसाठी १४.७, तर ई२० साठी सुमारे १३.५. म्हणून पुढे आपण गुणोत्तराऐवजी लॅम्डा वापरू: लॅम्डा १ म्हणजे नेमके पुरेसे इंधन, १ पेक्षा कमी म्हणजे इंधन जास्त (रिच), १ पेक्षा जास्त म्हणजे इंधन कमी (लीन).

दुसरा मुद्दा. धुरांड्यातला ऑक्सिजन सेन्सर साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय विश्वासार्ह वाचन देत नाही. तोपर्यंत ईसीयू ओपन लूपमध्ये असते, म्हणजे मिश्रण बरोबर की चूक हे तिला कळत नाही. ती साठवलेल्या तक्त्यावर आणि आधी शिकलेल्या दुरुस्तीवर विसंबून असते. या "आधी शिकलेल्या दुरुस्ती"मध्येच आपल्या गाडीचे अर्धे उत्तर दडलेले आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही तापल्यावरच काम करतो, म्हणून पहिल्या मिनिटात धुरांड्याला पेट्रोलचा हलका वास येणे हा दोष नव्हे. बॉनेटखाली किंवा गाडीच्या आत येणारा वास मात्र नेहमीच दोष समजावा.

(जाता जाता: प्रयोगशाळेतल्या प्रदूषण चाचणीत "कोल्ड स्टार्ट" म्हणतात तेव्हा गाडी २० ते ३० अंशांच्या खोलीत काही तास ठेवून थंड केलेली असते. मानेसरच्या चाचणीगृहातली थंडी आणि त्याच्या कुंपणाबाहेरची जानेवारीतली थंडी यांत वीस अंशांचा फरक पडू शकतो.)

आधी वास

सीएनजी गाडीत दोन वास असू शकतात आणि ते ओळखता आले पाहिजेत. मिथेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकयुक्त द्रव्य मिसळतात, त्याचा सडक्या कोबीसारखा उग्र दर्प येतो. मिथेन हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा, म्हणून वर चढतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, म्हणून खाली साचते. तेव्हा गॅसची गळती छताजवळ आणि डिकीच्या वरच्या भागात हुंगावी, पेट्रोलची जमिनीलगत. हवेत मिथेनचे प्रमाण सुमारे ५ टक्के झाले की ती पेट घेऊ शकते. पेट्रोलच्या वाफेला दीड टक्क्याच्या आसपासही पुरते. वास "थोडासाच" आहे, या म्हणण्याला म्हणून काही अर्थ नाही.

गाडी उघड्यावर, अग्निशामक जवळ, बॅटरी चार्जर काढलेला, एवढे करूनच बॉनेट उघडा. गॅसच्या प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावले. एकही बुडबुडा आला नाही. सिलिंडरवरची पट्टी पाहिली. या सिलिंडरची जलदाब चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते आणि त्याला पेसोची मान्यता लागते (स्फोटक व पेट्रोलियम सुरक्षेच्या या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे). तिथे सगळे नियमात होते. म्हणजे वास पेट्रोलचाच.

गंमत अशी की दुपारी गाडी तपासली तेव्हा बॉनेटखाली काहीच ओले नव्हते. गॅरेजवाल्यालाही दोष सापडला नव्हता, कारण तोही दुपारीच पाहत होता. आम्ही गाडी रात्रभर उघड्यावर ठेवली आणि सकाळी साडेसहाला, इंजिन सुरू न करता, फक्त किल्ली ऑन केली. पंप दोन सेकंद चालला. पेट्रोल रेलला लावलेल्या गेजवर ३ बार दाब आला आणि दहा मिनिटांत १ बारच्या खाली गेला. असा दाब उतरण्याची तीन कारणे असतात: पंपाचा चेक व्हॉल्व्ह, आतून ठिबकणारा इंजेक्टर, किंवा बाहेरची गळती. पहिल्या दोन्हींत बाहेर काही दिसत नाही. आम्ही प्रत्येक इंजेक्टरभोवती पांढरा टिश्यू गुंडाळला होता. दुसऱ्या सिलिंडरचा टिश्यू ओला झाला.

रेल काढल्यावर कारण दिसले. किट बसवताना इनटेक मॅनिफोल्डला गॅसच्या नळ्यांसाठी भोके पाडतात. त्यासाठी रेल काढली होती आणि परत बसवताना जुन्याच ओ-रिंग वापरल्या होत्या. दहा वर्षांचे रबर एकदा चेपून कडक झाले की थंडीत आणखी आक्रसते आणि फट उघडते. इंजिन तापले की रबर फुगते, फट बंद. म्हणून दुपारी सगळे कोरडे! विंडस्क्रीनखालच्या जाळीतून ब्लोअर हवा घेतो, तिथून वास आत. ई२० साठी न बनवलेले जुने रबर इथेनॉलने फुगते, पुढे कडकही होते, त्यामुळे अशा गाडीत ओ-रिंग आणि पेट्रोलच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्याच घ्याव्यात. चारही ओ-रिंग बदलल्या. दुसऱ्या दिवशी दाब टिकला, आतला वास गेला, आणि पाच सेकंदांचे क्रँकिंग दीड सेकंदावर आले.

थरथर मात्र तशीच राहिली. धुरांड्याचा उग्र वासही.

आता अडखळणे

इथे बहुतेक जण थांबतात किंवा पुन्हा भाग बदलू लागतात. एका गाडीत दोन स्वतंत्र दोष असू शकतात, आणि सुधारणा केलेल्या गाडीत तर असतातच म्हणा.

पहिली तपासणी फुकटची आहे. रात्रभर थंड झालेल्या गाडीत किल्ली ऑन करून स्कॅनरवर कूलंट आणि इनटेक हवेचे तापमान वाचा. दोन्ही एकमेकांशी आणि बाहेरच्या थर्मामीटरशी दोन-तीन अंशांत जुळले पाहिजेत. आम्हाला ६, ७ आणि ६ मिळाले, सेन्सर निर्दोष. (कूलंटचे वाचन उणे ४० आले तर वायर तुटली आहे असे समजा. अनेक गाड्यांत या सेन्सरचा रोध २० अंशांना सुमारे अडीच किलोओहम आणि शून्याला सहाच्या जवळ असतो.) प्लग काढले: चारही काळे आणि ओले. म्हणजे मिश्रण रिच, आणि एकाच सिलिंडरचा प्रश्न नाही. डिपस्टिक हुंगली, तेलालाही पेट्रोलचा वास.

मग स्कॅनरवर साठवलेला दोष पाहिला: पी०१७१, मिश्रण लीन. प्लग सांगतात रिच, ईसीयू सांगते लीन. गॅरेजने याच कोडवरून "पेट्रोल कमी पडतंय" असा अर्थ काढून पंप बदलला होता. पण कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही साठवलेली असते, म्हणजे दोष नोंदला त्या क्षणाची स्थिती. तीत कूलंटचे तापमान होते ८८ अंश. हा आकडा वाचून थोडे थांबा आणि विचार करा: ८८ अंशांना ही गाडी कोणत्या इंधनावर चालत होती?

गॅसवर. सिक्वेन्शियल किटची गाडी नेहमी पेट्रोलवर सुरू होते. सिलिंडरमधला २०० बारचा गॅस रिड्यूसरमध्ये दोन-अडीच बारवर येताना प्रसरणामुळे इतका थंड होतो की रिड्यूसर गोठू शकतो. म्हणून त्यातून गरम कूलंट फिरवतात, आणि ते पुरेसे तापल्यावरच किट गॅसवर जाते. त्यानंतर पेट्रोल इंजेक्टर बंद. मूळ ईसीयू मात्र पेट्रोल इंजेक्टरसाठीचे स्पंद पाठवतच राहते. किटची ईसीयू ते स्पंद वाचते, आपल्या तक्त्याने गुणते आणि गॅस इंजेक्टर उघडते. मूळ ईसीयूला हा बदल ठाऊकच नसतो.

आता समजा गॅस कमी पडतो आहे. ऑक्सिजन सेन्सर लीन दाखवतो. मूळ ईसीयू स्पंद लांबवते, आणि हे रोज घडू लागले की ती दुरुस्ती लाँग टर्म फ्युएल ट्रिम म्हणून कायमची साठवते. या गाडीत ती होती अधिक १९ टक्के. हा धडा गॅसवर शिकलेला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, ओपन लूपमध्ये, तो लागू होतो पेट्रोलवर, ज्याला त्याची काहीच गरज नव्हती. थंडीसाठीच्या जादा पेट्रोलचा हिशेब धरून वाफेचे मिश्रण लॅम्डा ०.८५ वर ठेवायचे होते असे समजू. त्यात १९ टक्के भर पडली:

०.८५ ÷ १.१९ = ०.७१

एवढ्या रिच मिश्रणात ज्योत मंद चालते, काही आवर्तने वाया जातात, प्लग भिजतात, इंजिन थरथरते. ऑक्सिजन सेन्सर तापला की शॉर्ट टर्म ट्रिम उणे जाऊन भर कापते, आणि दोन-तीन मिनिटांत सगळे ठीक. विद्यार्थ्याची मूळ तक्रार पुन्हा वाचून पाहा.

हा अजून तर्कच होता. पडताळणीसाठी आम्ही गाडी आवारातच दोन दिवस फक्त पेट्रोलवर चालवली. ट्रिम अधिक ३ वर आली आणि तिसऱ्या सकाळी, त्याच सहा अंशांत, इंजिन निमूट सुरू झाले. मग एक दिवस गॅसवर: ट्रिम पुन्हा चढली, पुढच्या सकाळी थरथर हजर. दोष हवा तेव्हा आणता आणि घालवता आला की निदान पक्के, असे मी वर्गात सांगतो.

गॅस कमी का पडत होता, याचे उत्तर क्षुल्लक निघाले. पंपावरच्या कॉम्प्रेसरचे तेल सूक्ष्म थेंबांच्या रूपात गॅसबरोबर येते आणि कमी दाबाच्या बाजूचा फिल्टर त्याने चिकटतो. दहा महिन्यांत तो एकदाही बदललेला नव्हता. नवा फिल्टर घातला, किटचा तक्ता लॅपटॉपवर उघडून दोन्ही इंधनांवर ट्रिम पाच टक्क्यांच्या आत येईल असा लावून घेतला. पेट्रोल मिसळलेले इंजिन ऑइल बदलले. टाकीतले पेट्रोलही काढले: गॅसवरच चालते म्हणून तेच पेट्रोल कित्येक महिने पडून होते आणि त्यातले हलके घटक, म्हणजे थंडीत नेमके हवे असणारे, उडून गेले होते.

विद्यार्थ्याने हौसेने बसवलेला उघडा एअर फिल्टर मात्र या प्रकरणात निर्दोष होता. या गाडीत हवा मोजायला मॅनिफोल्डमधला दाब सेन्सर आहे; त्याच्या मागे नळी कशीही असली तरी मोजणी फारशी बिघडत नाही. एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत मी सर्वांत आधी त्याच्याकडेच पाहिले असते.

एक काम गॅरेजबाहेरचे राहिले होते. किटची नोंद आरसीवर होती, पण विमा कंपनीला कळवलेले नव्हते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली इंधन बदलाची नोंद बंधनकारक आहे, आणि विमा पॉलिसीतही ती हवी. ते पत्र त्याच्या वडिलांनी त्या आठवड्यात दिले. बहिणीची शाळेची फेरी सोमवारपासून पुन्हा सुरू झाली. सकाळचे तापमान ५ अंश, क्रँकिंग दीड सेकंद, ट्रिम अधिक २.