वाहनतळाने रस्ता मोकळा होत नाही

पुण्यातलं पहिलं चित्रपटगृह 'आर्यन' मंडईजवळ १९१५ साली सुरू झालं आणि १९८३ साली बंद पडलं. आज त्या जागेवर वाहनतळ आहे. 'मिनर्व्हा'च्या जागेचंही तेच झालं, आणि हाकेच्या अंतरावर हुतात्मा बाबू गेनू वाहनतळाची इमारत उभी आहे. वाहनांना इतकी जागा देऊनही शेजारच्या तुळशीबाग बाजाराच्या तोंडाशी पाय ठेवायला जागा नसते. जुन्या वस्तीत वाहनतळाचा प्रस्ताव आला की 'एकदा हा झाला की रस्ता मोकळा होईल' असं रहिवाशांना सांगतात. मंडईचा अनेक दशकांचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. वाहनतळात पैसे पडतात आणि बाहेरचा रस्ता बहुतेक ठिकाणी फुकट असतो, म्हणून आधी रस्ता भरतो, मग वाहनतळ. शिवाय गाडी लावायची सोय झाली म्हटल्यावर एरवी पीएमपीच्या बसने येणारा माणूसही स्कूटर बाहेर काढतो.

अशा प्रस्तावांना विरोध करणाऱ्यांना विकासविरोधी म्हणणं सोपं आहे, पण त्यांचा मुद्दा जागेच्या हिशेबाचा आहे. नगरनियोजनात एका मोटारीसाठी उघड्या वाहनतळात २३ चौरस मीटर आणि तळघरात ३२ चौरस मीटर जागा धरतात. झोपडपट्टी पुनर्वसनात एका कुटुंबाला पूर्वी २६९ चौरस फुटांचं, म्हणजे २५ चौरस मीटरचं घर मिळत असे. तळघरातल्या गाडीला त्या घरापेक्षा जास्त जागा लागते! आणि दाट वस्तीत ही जागा येते कुठून? एखादा वाडा, एखादं नाट्यगृह, नाहीतर उरलीसुरली बाग. वांद्र्याच्या लिंकिंग रोडवरच्या रावसाहेब पटवर्धन उद्यानाखाली वाहनतळ करण्याची मुंबई महापालिकेची योजना होती. २०२३ मध्ये तिथल्या रहिवाशांनी तिला कसून विरोध केला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. पुढच्या वर्षी जुहूच्या पुष्पा नरसी पार्कवरून तसाच वाद झाला. 'गाड्या खाली, बाग वर, मग बिघडलं कुठे?' हा पालिकांचा ठरलेला युक्तिवाद. पण स्लॅबवर पसरलेल्या मातीत मोठ्या झाडाची मुळं खोल जाऊ शकत नाहीत आणि पावसाचं पाणी जमिनीत मुरत नाही. उतार, जिने आणि हवेचे झरोके वरच्या बागेचा तुकडा खातात तो वेगळाच. वर जे उरतं ते गच्चीवरच्या बगीच्यासारखं असतं.

खरा अवघड आक्षेप वेगळा आहे. विरोध करणाऱ्यांच्याच दारात गाड्या उभ्या असतात. त्यांना वाहनतळ नको आणि रस्त्यावरची फुकट जागाही सोडवत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून चालणार नाही. २०१८ मध्ये पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली, म्हणजे शहराच्या लोकसंख्येपेक्षाही जास्त. त्याच वर्षी मार्चमध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने रस्त्यावर गाडी लावायला शुल्क घेण्याचं धोरण मंजूर केलं. पण ओरड इतकी झाली की ते प्रायोगिक म्हणून पाच रस्त्यांपुरतं उरलं आणि पुढे तेही रखडलं. जमिनीच्या खऱ्या मोलाला साजेसं शुल्क घ्यावं, असं केंद्राचं शहरी वाहतूक धोरण २००६ पासून सांगत आलं आहे. आपण मात्र ते गरिबाच्या नावाने अडवतो. ज्याच्याकडे गाडीच नाही त्याला या फुकट जागेतून काय मिळतं? त्याच्या वाट्याला येतो तो गाड्यांनी अडवलेला पदपथ. म्हणून वाहनतळाला विरोध करायचाच, पण विरोधाच्या अर्जातच आपल्या गल्लीत गाडी लावायचं शुल्कही मागायचं. तसं केलं तरच विरोधाला नैतिक बळ येतं.

झ्युरिक शहराने १९९६ साली यावर एक तोडगा काढला. शहराच्या मध्यभागातल्या पार्किंगच्या जागा १९९०च्या संख्येवर गोठवल्या आणि जमिनीखाली नवी जागा बांधायची तर रस्त्यावरची तेवढीच कमी करायची, असा नियम केला. त्यामुळे तिथले चौक माणसांना परत मिळाले. पुण्यातले व्यापारी म्हणतील, गिऱ्हाईक तुटेल. पण लक्ष्मी रस्त्यावरची खरेदी मुळात पायी फिरून होते, आणि सप्टेंबर २०२४ पासून मंडईत मेट्रोचं स्थानकही आहे. आजारी, वृद्ध आणि अपंगांसाठी राखीव जागा ठेवायला कोणाचीच हरकत नसावी.

हा प्रश्न पुण्याच्या जुन्या पेठांपुरता राहिलेला नाही. मुळशी तालुक्यातली सूस आणि म्हाळुंगे ही गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली. शेजारचं नांदे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) हद्दीत आहे. २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे नव्या इमारतीला आपल्या गाड्यांची सोय आपल्याच आवारात करावी लागते. गावठाणातल्या अरुंद वाटांवरच्या जुन्या घरांना तशी सोय नाही. त्यामुळे उद्या जागा कमी पडली की नजर जाईल ती देवळापुढच्या पटांगणावर, शाळेच्या मैदानावर नाहीतर गायरानावर. मुळशीतल्या ग्रामसभांनी या जागांवर वाहनतळ होणार नाही असा ठराव आत्ताच करावा, आणि त्याच ठरावात गावाच्या मुख्य रस्त्यावर गाडी कुठे, किती वेळ आणि किती पैशांत उभी राहील हेही लिहून टाकावं.