नाव उतरवलं, जहाज जपलं

आज आम्ही अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरात जपून ठेवलेल्या तटरक्षक दलाच्या एका जहाजाची माहिती सांगणार आहोत.

हे जहाज १९३६ साली सेवेत आलं. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, तेव्हा ते जवळच्या होनोलुलू बंदरात होतं. त्याने विमानांवर तोफा डागल्या. व्हिएतनाम युद्धात त्यावरच्या लोकांनी गावकऱ्यांवर औषधोपचारही केले. नंतर भर समुद्रात थांबून हवामानाच्या नोंदी घेण्याचं काम १९७७पर्यंत चाललं. ५० वर्षांनी, १९८६ साली, बरोबर ७ डिसेंबरलाच ते निवृत्त झालं.

त्याचं नाव होतं ‘टॅनी’. रॉजर टॅनी हे सरन्यायाधीश. काळ्या माणसांना अमेरिकेचं नागरिक होता येत नाही, असा निकाल त्यांनी १८५७ साली दिला होता. म्हणून २०२० साली संग्रहालयाने ते नाव उतरवलं. आता जहाज ३७ या क्रमांकाने ओळखलं जातं. त्याची सेवा मात्र कुणी पुसली नाही.

त्याच वर्षी आपल्या राज्यानेही वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. आपल्या गावात ती बदलली का? बायांनो, येत्या ग्रामसभेत आपणच विचारूया.