बजाजवाडीतले न्यायमूर्ती

विदर्भाच्या न्यायपरंपरेचा आढावा घेणारे लेखक बोस, नियोगी, हिदायतुल्ला ही नागपूरची मालिका मोठ्या अभिमानाने सांगतात आणि चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्यापाशी आले म्हणजे ‘गांधीवादी न्यायमूर्ती’ एवढी पाटी लावून पुढे सरकतात, याचा विषाद मला पुष्कळ वर्षे वाटत आला आहे. त्यांच्या कायदेज्ञानाहून त्यांची सद्भावनाच थोर, असे म्हणणाऱ्या विद्वानांशी माझे भांडण जुने आहे; कारण ज्या वर्ध्यात ते वाढले तेथे या दोहोंची फारकत कोणी केलीच नव्हती.

जन्म 1927 चा, रायपूरचा. परंतु वडील दादा धर्माधिकारी 1935 मध्ये गांधी सेवा संघाच्या कार्यासाठी वर्ध्यास आले आणि मुलाचे बालपण बजाजवाडीच्या वातावरणात गेले. ज्या नगरात जमनालाल बजाजांनी 1928 मध्ये लक्ष्मीनारायणाचे मंदिर अस्पृश्यांस खुले केले आणि 14 जुलै 1942 रोजी काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजी सत्ता संपविण्याचा ठराव केला, तेथला चौदा वर्षांचा मुलगा चळवळीत पडला नसता तरच नवल. पुढे दादा घटना समितीचे सभासद झाले.

नागपूरची वकिली, 1972 ते 1989 पर्यंतची मुंबई उच्च न्यायालयातील कारकीर्द, पद्मभूषण, हे सर्वविश्रुत आहे. आणीबाणीतही स्थानबद्धाची फिर्याद न्यायालयाने ऐकली पाहिजे, असे मानणाऱ्या न्यायमूर्तींत ते होते. सर्वोच्च न्यायालयाने ते मत 28 एप्रिल 1976 रोजी फेटाळले आणि 2017 मध्ये आपलाच तो निर्णय मोडीत काढला.

माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे न्यायदान निवृत्तीनंतरचे, डहाणूचे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार 1996 च्या अखेरीस स्थापन झालेल्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाचे अध्यक्षपद त्यांनी सुमारे बावीस वर्षे सांभाळले. एका बाजूस औष्णिक वीजकेंद्र, दुसऱ्या बाजूस चिकूच्या वाड्या, वारल्यांचे पाडे आणि कोळ्यांच्या होड्या. अशा ठिकाणी त्यांनी धुरातील गंधक शोषून घेणारे संयंत्र बसविण्यास बलाढ्य कंपनीस भाग पाडले आणि 1998 मध्ये वाढवण येथील बंदर या भूमीस मानवणारे नाही, असा निर्वाळा दिला. शेवटच्या माणसाचा विचार आधी करावा, हा सेवाग्रामचा धडा येथे हुकूमनाम्याच्या भाषेत उतरला होता. याला भाबडेपणा म्हणणाऱ्यांनी ते आदेश वाचलेले नसावेत.

गोपुरीच्या गांधी विचार परिषदेत खादीच्या पांढऱ्या वेषातले अध्यक्ष धर्माधिकारी ज्यांनी ऐकले, त्यांना आजची न्यायचर्चा रुक्ष वाटते. जिल्ह्याच्या न्यायालयात तारखांमागून तारखा पडतात, पक्षकार कैफियत कोणत्या कागदावर आहे हेही न समजता घरी जातो, आणि निवृत्त न्यायाधीशांस लोकांत मिसळण्यापेक्षा लवादाची कामे अधिक रुचतात. धर्माधिकारी जानेवारी 2019 मध्ये गेले. त्याच प्राधिकरणाने 2023 मध्ये वाढवणच्या बंदरास संमती दिली, आणि 2024 मध्ये पायाभरणीही झाली. 1998 चा तो निर्वाळा आणि 2023 ची ही संमती वर्ध्याच्या वकीलमंडळींनी मराठीत शेजारी-शेजारी छापावीत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.