मारणे अटळ, यातना नव्हे

मार्च २०२४ मध्ये नागपूरच्या शासकीय अंडी उबवणी केंद्रात बर्ड फ्लू आढळला आणि तिथल्या सुमारे साडेआठ हजार कोंबड्या माराव्या लागल्या. हा निर्णय कठोर असला तरी योग्यच होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गोरेवाडा बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या या विषाणूने दगावले, यावरून त्याची झेप कळते. वाद आहे तो मारण्याच्या पद्धतीचा. आपल्याकडे बहुधा हाताने मान मोडतात. सरावलेल्या हाताने केले तर पक्षी लवकर बेशुद्ध होतो. पण नखशिखान्त संरक्षक पोशाखात, विदर्भाच्या उन्हाळ्यात शेकडो पक्षी हाताळल्यावर तो हात थकतो आणि नेम चुकतो. जागतिक पशुआरोग्य संघटनाही या पद्धतीची हीच मर्यादा सांगते. मोठ्या कळपासाठी बंद डब्यात कार्बन डायऑक्साइड सोडणे किंवा नायट्रोजनयुक्त फेस वापरणे अधिक सुसह्य ठरते.

‘मरणारच आहेत, मग एवढा विचार कशाला?’ हा आक्षेप मला मुळीच पटत नाही. मरण ठरले म्हणून वेदना क्षम्य होत नाही. घाईचा मुद्दा मात्र खरा आहे, कारण प्रत्येक तासाला विषाणू पसरतो. पण धडपडणारा, निसटणारा पक्षीही पिसे, धूळ आणि विष्ठा उडवतो. त्याचा धोका आधी मजुरालाच. खर्चाचे म्हणाल, तर यंत्रणा प्रत्येक फार्मवर नको. नागपूर विभागासाठी एक सज्ज फिरते पथक, आधीच प्रशिक्षित, एवढे शासनाला नक्कीच झेपेल.