वेदना आणि तृष्णा यांमधील क्षण

जात जाणून घेण्याच्या हेतूने कोणी आडनाव विचारतो. शब्द कानी पडताच छाती धडधडते, कानशिले तापतात आणि जिभेवर तिखट उत्तर येते. हे सारे निमिषार्धात, आपल्या नकळत घडते. भगवान बुद्धांनी उपदेशिलेल्या सम्यक् स्मृतीचे, म्हणजेच सम्मासतीचे कार्य नेमके येथे सुरू होते.

प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा निदानांपैकी स्पर्श, वेदना व तृष्णा ही तीन येथे ध्यानात घ्यावीत. कान, शब्द व श्रोत्रविज्ञान यांचा संयोग म्हणजे स्पर्श. त्यातून सुखद, दुःखद अथवा उपेक्षारूप वेदना उपजते. तीवर आपली सत्ता चालत नाही. नकोसे ते तत्क्षणी नाहीसे व्हावे ही ओढ मात्र तृष्णाच होय. वेदनेमागून तृष्णा येते ती सवयीने आणि सवय मोडता येते. संयुत्तनिकायातील सल्लसुत्तात दोन बाणांची उपमा आहे. पहिला बाण शारीरिक वेदनेचा, दुसरा त्यापायी मनाने ओढवून घेतलेल्या शोकसंतापाचा. श्रुतवान आर्यश्रावकाला दुसरा बाण लागत नाही.

यासाठी सतिपट्ठानसुत्तात काया, वेदना, चित्त व धम्म यांची अनुपश्यना सांगितली आहे. साधकाने प्रथम श्वास व देहातील ताप जाणावा. मग 'ही दुःखद वेदना आहे', 'हे द्वेषयुक्त चित्त आहे' असे स्पष्ट ओळखावे. क्रोध दडपू नये आणि त्यामागे वाहतही जाऊ नये. उपजलेली वेदना ओसरतेही, हे अनुभवाने कळू लागते.

मग अन्याय निमूटपणे सोसावा काय? मुळीच नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर आपल्या बांधवांवर हल्ला झाला. संतप्त अनुयायी बाबासाहेबांच्या केवळ एका शब्दाची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी त्यांना शांत राखले. परंतु लढा सोडला नाही. तळ्यावरील हक्काचा दावा १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला गेला. धम्मदीक्षा तेव्हा दूर होती, म्हणून या संयमास ध्यानसाधनेचे फळ म्हणता येणार नाही. तथापि, प्रतिक्रिया आवरल्याने प्रतिकार दुबळा होत नाही, हे त्यातून निःसंशय दिसते.

अपमान करणाऱ्याने आपले उत्तर ठरवू नये. ते आपल्या प्रज्ञेने ठरावे, एवढ्यासाठी तो एक क्षण जागा ठेवायचा आहे.