पत्ता : केअर ऑफ ५६ एपीओ

सकाळी ७.३०

नोएडाहून ब्लू लाइन, राजीव चौकात गाडी बदलून येलो लाइन. उभ्या उभ्याच मेल पाहते. सैनिकी वैद्यकातल्या काही संशोधकांच्या कामाचे तक्ते एका निवड समितीला आज संध्याकाळपर्यंत हवे आहेत. मी वैद्यकीय ग्रंथालयात आहे. कुणाचा शोधनिबंध कुणी, किती वेळा आधाराला घेतला, म्हणजे त्याची सायटेशन किती, हे मोजणं माझं काम. त्या आकड्यांवर माणसांच्या नेमणुका आणि पुरस्कार ठरतात, त्यामुळे ते मी कधीच हलक्या हाताने करत नाही.

९.१५

तीन खिडक्या उघडते : स्कोपस, वेब ऑफ सायन्स, गुगल स्कॉलर. एकाच डॉक्टरांचे तिन्हीकडे वेगळे आकडे येतात, कारण प्रत्येकाचा नियतकालिकांचा साठा वेगळा. गुगल स्कॉलर प्रबंध आणि परिषदांची टिपणंही धरतो, म्हणून तिथला आकडा सहसा सर्वांत मोठा असतो. तक्त्यात कुठला आकडा कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला हे लिहिलंच पाहिजे.

समितीला हवा असतो एच-इंडेक्स. कॅलिफोर्नियातल्या जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो २००५ मध्ये सुचवला. तुमच्या दहा निबंधांना प्रत्येकी निदान दहा सायटेशन असतील आणि अकरा निबंधांना प्रत्येकी अकरा नसतील, तर तुमचा एच-इंडेक्स १०. समजायला सोपा, म्हणून जगभर पसरला. पण त्याची एक बाजू पुरेशी बोलली जात नाही. ज्याचा एकच निबंध आहे आणि तो हजार वेळा आधाराला घेतला गेला, त्याचाही एच-इंडेक्स १ असतो.

१०.३०

खरी मेहनत नावांची. ‘एस. पाटील’ असं शोधलं की हृदयरोगापासून ऊसशेतीपर्यंत सगळे पाटील समोर येतात. ‘ए. सिंग’ आणि ‘आर. कुमार’ यांचं तर विचारूच नका. सेनेतल्या डॉक्टरांच्या बाबतीत त्यात हुद्द्याची भर पडते. पुण्याच्या एएफएमसी या सेनेच्या वैद्यकीय महाविद्यालयातून निघणाऱ्या ‘मेडिकल जर्नल आर्म्ड फोर्सेस इंडिया’मध्ये लेखकाच्या नावाआधी मेजर, कर्नल, सर्जन कमांडर असं छापण्याची पद्धत होती. आधी कॅप्टन, मग मेजर, मग कर्नल. माणूस एकच, पण हुद्दा नावाला चिकटून राहिला की नोंदी फुटतात.

मग पत्ता. दिल्लीतल्या तिमारपूरच्या इनमास किंवा डिपास या डीआरडीओच्या प्रयोगशाळांतले शास्त्रज्ञ बहुधा वर्षानुवर्षं एकाच पत्त्यावरून लिहितात. लष्करी डॉक्टरची दोन-तीन वर्षांनी बदली होते, आणि फील्डमधून लिहिलेल्या निबंधावर पत्ता असतो ‘केअर ऑफ ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’. हे सेनेचं टपालघर. रुग्ण कुठल्या खोऱ्यात, किती उंचीवर तपासला हे त्यावरून कळत नाही, कळूही नये. संस्थावार मोजणी मात्र अशा पत्त्यापाशी अडते. ते काम ना दिल्लीच्या खात्यात जमा होतं, ना पुण्याच्या. ते मी एकेक करून हाताने जुळवते.

११.४५

एका कर्नलसाहेबांना फोन लावला. यादी ज्याची त्याच्याकडून तपासून घ्यायची, हा माझा नियम.

“जय हिंद मॅडम. तुम्ही मराठी? मी साताऱ्याचा.”

“सर, लेहचा फुप्फुसात पाणी होण्यावरचा निबंध तुमचाच ना? त्यावर पत्ता झाशीचा आहे.”

“माझाच. रुग्ण लेहला पाहिले. छापून आला तेव्हा झाशीच्या मिलिटरी हॉस्पिटलला होतो.”

“त्यानंतर दोन वर्षं काहीच दिसत नाही?”

“फील्डला होतो. जे लिहिलं ते वर पाठवलं. छापायचं नव्हतं ते.”

तक्त्यात ही दोन वर्षं कोरी दिसतील, आणि परका वाचक म्हणेल की माणूस बसून होता. मी ‘नेमणूक’ असा एक रकाना वाढवला.

दुपारी १.००

डबा. पोळी आणि मेथीची भाजी.

१.४०

आजच्या यादीतले अनेक जण अतिउंचीवरच्या आजारांचे. म्हणून या विषयावरचा जुना, महत्त्वाचा निबंध पुन्हा काढला : ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’, १९६९, सेनेतले डॉक्टर इंदर सिंग आणि सहकारी. सहलेखकांत एम्सचे हृदयरोगतज्ज्ञ एस. बी. रॉयही आहेत. १९६२ च्या युद्धात सपाटीवरच्या जवानांना घाईघाईने हिमालयात चढवावं लागलं होतं. ११,००० ते १८,००० फुटांवर गेलेल्या १,९२५ जवानांमधला पर्वतीय आजार या निबंधात नोंदवला आहे. एवढी माणसं इतक्या उंचीवर, एकाच वैद्यकीय व्यवस्थेच्या नजरेखाली, इतर कोणत्या देशाला सहज मिळणार? आजही जगभरचं गिर्यारोहण-वैद्यक या निबंधाकडे येतं. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ५,८०० ते ६,७०० मीटरवर राहिलेल्या जवानांच्या हृदयावरचा निबंध आला. त्यात जवान होते अवघे २१. आकडा लहान, पण तशा उंचीवर महिनोन्महिने राहतो कोण?

या निबंधांची सायटेशन भरपूर आहेत, ती मोजता येतात. मला सलतं ते पुढचं. लेहला विमानातून उतरलेल्या जवानाला आज लगेच वर धाडत नाहीत. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, १५,००० पर्यंत आणखी चार, त्याहून वर पुन्हा चार, अशा टप्प्यांनी शरीर सरावू देतात. हे वेळापत्रक पाळायला लावणारा नर्सिंग असिस्टंट कुणाचाही निबंध आधाराला घेत नाही. लष्करी आदेशाखाली संदर्भसूची नसते. माणसं वाचतात ती तिथे, आणि माझ्या तिन्ही खिडक्यांना तेच दिसत नाही.

हे जुनंच आहे. काळाआजाराचे परजीवी १९०३ मध्ये ब्रिटिश लष्करी डॉक्टर विल्यम लीशमन आणि मद्रासचे चार्ल्स डोनोव्हन यांनी वेगवेगळे जगासमोर मांडले. पॅथॉलॉजीचा प्रत्येक विद्यार्थी ‘एलडी बॉडी’ म्हणतो, मूळ निबंधाचा संदर्भ कुणी देत नाही. काम इतकं मुरतं की त्याचा हिशेब लागेनासा होतो.

४.००

समितीच्या कार्यालयातून फोन. “मॅडम, बस एक नंबर दे दीजिए, शीट में एक ही कॉलम है.”

मी नाही म्हटलं. अणुकिरणांच्या परिणामांवर प्रयोगशाळेत काम करणारा आणि स्फोटाने पाय गेलेल्या जवानांवर शस्त्रक्रिया करणारा, यांना एका आकड्याने एकाखाली एक लावणं अन्यायाचं आहे. पहिल्याच्या विषयात जगभर हजारो लोक लिहितात, दुसऱ्याच्या विषयात मूठभर. तुलना करायची तर त्याच विषयातल्या, त्याच वर्षाच्या निबंधांशी करावी. हे माझ्या मनाचं नाही. सॅन फ्रान्सिस्कोत २०१२ मध्ये आखलेला ‘डोरा’ जाहीरनामा नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणूस जोखू नका असं सांगतो, आणि २०१५ चा लायडन जाहीरनामा आकड्यांनी जाणकारांच्या निर्णयाला साथ द्यावी, त्याची जागा घेऊ नये, असं म्हणतो. पलीकडचे गृहस्थ शांतपणे ऐकत होते. म्हणाले, “तो एक नोट लगा दीजिए, सर के सामने रख दूँगा.”

५.४५

नोट दोन पानांची झाली. पहिल्या पानावर प्रत्येक संशोधकाचे तीन निबंध, त्यांनी स्वतः निवडलेले, आणि ते कुठल्या उपचारपद्धतीत किंवा प्रशिक्षणात वापरले गेले याची एक ओळ. न छापलेल्या अहवालांबद्दल वरिष्ठांचं पत्र जोडायची मुभा. एच-इंडेक्स दुसऱ्या पानावर, विषय आणि तारखेसकट. आकडे मी काढून टाकलेले नाहीत. ते नसले की ओळखीपाळखीवर निवड होते, आणि दूरच्या छावणीतल्या माणसाला त्याचा पहिला फटका बसतो.

६.१०

मेल गेली. साताऱ्याच्या साहेबांना वेगळं लिहिलं : सर, संशोधकांना कायमचा ओळखक्रमांक देणाऱ्या ऑर्किडवर आजच नोंदणी करा. तो सोळा आकडी क्रमांक बदलीबरोबर बदलत नाही. पहिलं नाव पूर्ण लिहा, हुद्दा लिहू नका, आणि एपीओवरून लिहिलेले सगळे निबंध तिथे स्वतः जोडा.